लॉ की आयआर? सोलापुरातून दोन्ही कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोलापूरची, बारावी आर्ट्स झालीय, कायदा शिकायचाय आणि आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे आयआर पण शिकायचंय. यूजीसीने दोन डिग्र्या एकदम चालतील असं सांगितलंय म्हणून एकीकडे बीए एलएलबी आणि दुसरीकडे आयआर अशा दोन अ‍ॅडमिशन घ्यायचा विचार आहे, आणि वडील म्हणतायत की आयआर शिकून तू सोलापुरात करणार काय.

मी इथे जिल्हा कोर्टात बरीच वर्षं वकिली करते, टॉवेल चादरी बाहेर पाठवणाऱ्यांचे करार बघते, मुलांना इंटरनॅशनल लॉ पण शिकवलाय. त्यामुळे माझं मत स्पष्टच सांगते. दोन्ही शीक, पण दोन रेग्युलर डिग्र्या एकदम घेऊ नको. कायदा मुख्य धर, आयआर त्याच्या आत आणि आजूबाजूला शीक, आणि आयआरची मोठी डिग्री हवीच असेल तर ती कायद्यानंतर कर.

आधी नियमाचं बघू कारण यातच पोरं फसतात. यूजीसीने एप्रिल 2022 मध्ये दोन कोर्स एकाच वेळी करायला परवानगी दिली हे खरंय. पण वकिलीचं शिक्षण बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांवर चालतं, आणि त्यांच्या 2008 च्या रूल्स ऑफ लीगल एज्युकेशनमधला नियम 6 सरळ सांगतो की लॉच्या डिग्रीबरोबर दुसऱ्या ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट किंवा सर्टिफिकेट कोर्सला नाव घालता येणार नाही. सूट कशाला आहे, तर एकाच संस्थेच्या इंटिग्रेटेड कोर्सला म्हणजे बीए एलएलबीसारख्याला, भाषा किंवा कॉम्प्युटरच्या छोट्या पार्टटाइम सर्टिफिकेटला, आणि विद्यापीठाच्या डिस्टन्स सेंटरमधून केलेल्या कोर्सला. सप्टेंबर 2024 मध्ये बार काउन्सिलने सगळ्या लॉ कॉलेजांना पत्रक काढून परत बजावलं, विद्यार्थ्याकडून आता डिक्लेरेशन घेतात की मी दुसरी रेग्युलर डिग्री करत नाही. पाच वर्षं शिकून सनदेच्या म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या वेळी हे बाहेर आलं तर किती मनस्ताप, विचार कर. तेव्हा डिस्टन्समधून काही करायचं ठरवलंस तरी कॉलेजच्या ऑफिसमधून लेखी घे, कुणीतरी तोंडी हो म्हणालं एवढ्यावर जाऊ नको.

आता कायदा मुख्य का म्हणते ते सांगते, आणि त्यासाठी एक खटला जरा नीट सांगावा लागेल.

कुलभूषण जाधवांची केस सगळ्यांना माहितीय. मार्च 2016 मध्ये पाकिस्तानने अटक दाखवली, एप्रिल 2017 मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली, 8 मे 2017 ला भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दहाच दिवसांत, 18 मेला, फाशीला स्थगिती आली. टीव्हीवर चर्चा कशाची चालली होती? भारत पाकिस्तान तणाव, हेरगिरी, चीन काय म्हणेल. हे सगळं आयआर आणि ते महत्त्वाचंच आहे. पण वकिलाला पहिला प्रश्न वेगळाच पडतो, की या कोर्टात पाकिस्तानला उभं करता कसं येतं? कारण आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश आपल्या संमतीशिवाय येत नाही. आणि इथे अडचण भारताचीच होती. 1999 मध्ये पाकिस्तानचं अटलांटिक नावाचं नौदलाचं विमान आपण पाडलं, पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा आपण म्हणालो की कॉमनवेल्थमधल्या देशांशी असलेले वाद आम्ही या कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवलेत, आणि 21 जून 2000 ला कोर्टाने ते मान्य करून पाकिस्तानचा दावा अधिकारक्षेत्र नाही म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे तो दरवाजा आपणच बंद करून घेतलेला. मग 2017 मध्ये आत शिरलो कुठून? तर 1963 च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शन ऑन कॉन्सुलर रिलेशन्सला एक ऑप्शनल प्रोटोकॉल जोडलेला आहे, दोन्ही देश त्यात आहेत, आणि त्यात लिहिलंय की या कन्व्हेन्शनचा अर्थ आणि अंमलबजावणी यावरचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल. म्हणून आपल्या टीमने, हरीश साळवेंनी, सगळी केस कलम 36 भोवती बांधली, म्हणजे परक्या देशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीला भेटायचा हक्क. हेरगिरी केली का नाही, पाकिस्तान कसा देश आहे, यात गुंतायचंच नाही, कारण त्यावर कोर्टाला अधिकारच नाही.

17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 असा निकाल लागला. आता पेपरात आलं भारताचा विजय, पण निकाल वाच म्हणजे कळेल की भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती ती कोर्टाने दिली नाही, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि वकिलातीला भेटू द्या एवढंच सांगितलं. एवढंच म्हणते पण तेच मोठं होतं, कारण फाशी तिथेच थांबली. पुढे जाधव अजून सुटले का नाहीत हे मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, तिथे तुला आयआर लागणार, की निकाल आल्यावर देश तो किती पाळतात, का पाळतात, न पाळल्याची किंमत त्यांना कुठे मोजावी लागते. दोन्ही विषय एकत्र शिकायचे ते यासाठी. फक्त आयआर शिकलेली मुलं मला भेटतात, बोलतात छान, पण "कुठल्या कलमाखाली?" असं विचारलं की थांबतात. फक्त लॉ शिकलेल्यांचं उलट होतं, कलम तोंडपाठ पण सिक्युरिटी कौन्सिलमध्ये व्हेटो कुणाकडे आहे आणि त्यामुळे त्या कलमाचं पुढे काय होतं याचा अंदाज नसतो. मग कायदा आधी का? कारण आयआर तू नंतर वाचून, ऐकून, एमए करून भरून काढू शकतेस, पण करार आणि निकाल शब्दन्‌शब्द वाचायची जी सवय लॉ कॉलेजात लागते ती नंतर लागणं फार अवघड आहे, आणि सनद तर दुसऱ्या कुठल्या रस्त्याने मिळतच नाही.

आता वडिलांचा प्रश्न. सोलापुरात काय करणार? त्यांना अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चक्कर मारायला सांग. आपल्या टॉवेलला आणि चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का आहे, ते जीआय प्रकरणच मुळात डब्ल्यूटीओच्या म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारातून आलंय, आपला 1999 चा जीआय कायदा त्यासाठी केला. आणि माल बाहेर पाठवणारा माणूस रोज आंतरराष्ट्रीय कायद्यात आणि राजकारणात उभा असतो, त्याला ते तसं वाटत नाही एवढंच.

उदाहरण देते. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, भाडं वाढलं, माल उशिरा पोचायला लागला. त्या काळात माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न एकच, मॅडम हे वाढीव भाडं कुणी द्यायचं? उत्तर करारात असतं. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच आपली जबाबदारी असेल तर भाडं खरेदीदाराचं, सीआयएफ म्हणजे विमा आणि भाडं धरून किंमत असेल तर आपलं. मग पुढचा प्रश्न, आता परिस्थितीच बदलली तर करार संपला असं म्हणता येतं का? यावर एक जुनी इंग्लिश केस आहे, त्साकिरोग्लू नावाची, 1961 ची, आणि ती आहे शेंगदाण्याची, म्हणून आपल्या पोरांच्या लक्षात पटकन राहते. सुदानचे शेंगदाणे जर्मनीत हॅम्बुर्गला सीआयएफने पाठवायचे होते, 1956 मध्ये सुएझ बंद झाला, विकणारा म्हणाला आता आमची जबाबदारी संपली. हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तिथलं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट, म्हणालं नाही, केपचा रस्ता उघडा होता, महाग पडला म्हणून करार संपत नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या निकालात याच धर्तीचं म्हटलं. तिथे इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले होते, कंपन्या म्हणत होत्या आम्हाला ही वीज या दराने परवडत नाही, कोर्ट म्हणालं नुसता खर्च वाढला म्हणून कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 56, म्हणजे करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो हे कलम, लागत नाही. आता बघ, येमेनमधलं युद्ध, इजिप्तच्या नासरच्या वेळचा सुएझ, इंडोनेशियाचं सरकार, हे सगळं आयआर, आणि ते येऊन बसतंय सोलापूरच्या एका कारखानदाराच्या चार पानी करारात.

वसुलीचं पण तसंच. बाहेरच्या खरेदीदाराने पैसे बुडवले तर इथल्या कोर्टाची डिक्री घेऊन अमेरिकेत थेट वसुली होत नाही, तिथे वेगळी कारवाई करावी लागते. म्हणून लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचापुढे न्यायचं, कलम करारात हवं, कारण 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे लवादाचा निवाडा बहुतेक देशांत चालतो. पण लवाद कुठे बसणार हे न बघता सही केली तर छोट्या बिलासाठी लंडनला वकील लावायची पाळी येते, आणि अशी कॉपी पेस्ट केलेली कलमं मी इतकी बघितलीत की मला खरंच वाईट वाटतं, माणूस दोन पिढ्या माग चालवतोय आणि त्याला कुणी एवढंही वाचून दाखवत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत टॅरिफ म्हणजे आयात कर लावला तेव्हा पण नुसती बोंब झाली. टॅरिफ कुठल्या कायद्याखाली लावलं, राष्ट्राध्यक्षाला तो अधिकार 1977 च्या आयईईपीए या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यात आहे का, यावर अमेरिकेतल्याच कोर्टात भांडण सुरू होतं, आणि इथल्या व्यापाऱ्याला नवीन ऑर्डर घेताना करारात टॅरिफ कुणाच्या डोक्यावर असं लिहून घ्यायला सांगणारं कुणीतरी लागत होतं. ते काम करणारी माणसं सोलापुरात आहेत तरी किती? बोटांवर मोजण्याएवढी.

पाण्याचं पण सांगते, कारण उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या पोरांना हा विषय पटकन समजतो. भीमा कृष्णेला मिळते, कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात कसं वाटायचं यावर 1969 मध्ये बच्छावत लवाद बसला, 1973 मध्ये निवाडा दिला. वरच्याचा हक्क किती, खालच्याचा किती, आधीपासून वापरतोय त्याचं काय, हेच प्रश्न देशादेशांत पण असतात. 1960 चा सिंधू करार भारताने एप्रिल 2025 मध्ये स्थगित ठेवला. आता करारात एकाने असं स्थगित ठेवायची तरतूदच नाही, उलट दोघांनी मिळून नवा करार करून संपवेपर्यंत हा चालू राहील असं लिहिलंय, आणि करारांच्या कायद्याचं 1969 चं जे व्हिएन्ना कन्व्हेन्शन आहे त्याचा भारत सदस्य नाही. मग भारताची कायदेशीर बाजू कशी मांडशील? राजकीय बाजू कुणीही मांडेल. हा प्रश्न मी मुलांना देते आणि दोन पानं लिहून आणायला सांगते, तू पण लिहून बघ, आवडलं तर समज हे क्षेत्र तुझं आहे.

आता रस्ते. बारावीनंतर पाच वर्षांचं बीए एलएलबी हा मला सगळ्यात बरा वाटतो कारण त्यात पॉलिटिकल सायन्स असतंच, आणि पब्लिक इंटरनॅशनल लॉ बार काउन्सिलच्या यादीत सक्तीचा पेपर आहे, वर ऑप्शनलमध्ये ट्रेड लॉ, आयपी म्हणजे बौद्धिक संपदा, इंटरनॅशनल लॉचे गट घेता येतात. कॉलेज बघताना त्यांच्याकडे प्रत्यक्षात कुठले ऑप्शनल शिकवतात ते विचार, सिलॅबसमध्ये असतं आणि शिकवायला माणूस नसतो असं फार ठिकाणी आहे. एमएच सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, त्यातून आपलं दयानंद, पुण्याचं आयएलएस, मुंबईचं जीएलसी असं सगळं उघडतं. क्लॅट ही देशपातळीवरची परीक्षा फक्त इंग्रजीत, निगेटिव्ह मार्किंग आहे, त्यातून मुंबई, नागपूर, संभाजीनगरची नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी. तिथे मूट कोर्ट म्हणजे सरावाचे खटले, जर्नल, सीनियर्स यांचा फायदा आहे हे मी नाकारणार नाही, पण फी पण तशीच आहे, कर्ज काढून जायचं असेल तर घरी बसून नीट हिशोब करा. सोलापुरात राहून शिकलीस तरी मागे पडशील असं मला वाटत नाही, फक्त मग स्वतःला हलवावं लागेल.

दुसरा रस्ता म्हणजे आधी बीए पॉलिटिक्स, मग तीन वर्षांचं एलएलबी, आणि एलएलबी करताना इग्नूमधून डिस्टन्सने एमए पॉलिटिकल सायन्स, त्यात इंटरनॅशनल रिलेशन्सचा पेपर आहे. एक वर्ष जास्त जातं पण ज्यांना बारावीला नक्की ठरवता येत नाही त्यांना बरं. आणि कायद्यानंतर मोठं शिकायचं तर दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे, त्यात इंटरनॅशनल लॉचं वेगळं सेंटर आहे, साउथ एशियन युनिव्हर्सिटीत आयआरचं एमए आणि इंटरनॅशनल लॉचं एलएलएम दोन्ही आहे. परदेशात एलएलएम शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नुसतं नाव लागावं म्हणून घर गहाण टाकून जाऊ नको.

शिकताना काय करायचं. निकाल वाच, बातमी नको, मूळ निकाल. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या साइटवर सगळे फुकट आहेत आणि मोठ्या निकालाचा सारांश पण असतो, आधी तो वाच. संयुक्त राष्ट्रांची ऑडिओव्हिज्युअल लायब्ररी ऑफ इंटरनॅशनल लॉ म्हणून आहे, जगातले मोठमोठे प्राध्यापक आणि न्यायाधीश त्यात लेक्चर देतात, तेही फुकट, घरी बसून मोबाईलवर. मॉडेल यूएनपेक्षा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभेपेक्षा, मूट कोर्टला वेळ दे असं माझं ठाम मत आहे, मॉडेल यूएनमध्ये बोलायची भीती जाते तेवढं ठीक, पण जेसपसारख्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट स्पर्धेला दोन्ही बाजूंचं मेमोरियल म्हणजे लेखी म्हणणं लिहावं लागतं आणि तिथे खरं शिक्षण होतं.

आणि भाषा. हेगच्या कोर्टाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच, त्यामुळे इंग्रजी वाचन पक्कं हवंच आणि फ्रेंच सुरू केलंस तर उत्तम, भाषेच्या छोट्या पार्टटाइम सर्टिफिकेटला नियम 6 मध्ये सूट आहे हे वर सांगितलंच. इंग्रजीची भीती बाळगू नको, रोज एक निकाल पाच पानं, डिक्शनरी बाजूला ठेवून, वर्षभरात फरक दिसतो. शिवाय सोलापूरची पोरं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं सगळं कानावर घेत वाढतात, दुसऱ्याच्या भाषेत बोलणी कशी करायची हे आपल्याला गल्लीतच कळतं. याच गावातून डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्या लोकांत राहिले, आज इतक्या वर्षांनी पण दोन देशांचं बोलणं निघालं की त्यांचं नाव निघतं.

नोकरीचं. एकदम यूएनचं स्वप्न बघ, बघू नको म्हणत नाही, पण तिथल्या जागा कमी आणि अनुभव मागतात. जवळचे रस्ते जास्त आहेत. यूपीएससीला लॉ ऑप्शनलच्या पहिल्या पेपरात इंटरनॅशनल लॉ आहे, पीएसआयआर म्हणजे पॉलिटिकल सायन्स आणि आयआर घेतलंस तर दुसऱ्या पेपरात आयआर आहे, आणि जनरल स्टडीजच्या दुसऱ्या पेपरात घटना आणि आंतरराष्ट्रीय संबंध दोन्ही, म्हणजे तुझा अभ्यास वाया जात नाही. परराष्ट्र मंत्रालयात लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजन आहे, तिथे कायदा शिकलेलेच लागतात. लवाद, एक्सपोर्ट, कस्टम्स, आयपी ही वकिली तर आहेच. आणि वकिली म्हटलं की मुंबई असं पण आता राहिलं नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. सनद काढायला पण पूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये घ्यायचे, सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलं की जनरल कॅटेगरीला कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांच्या वर एनरोलमेंट फी घेता येणार नाही.

शेवटी फीचं, कारण वडिलांच्या मनात खरा प्रश्न बहुतेक तोच असेल. 2024-25 पासून महाराष्ट्र सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ केलीय, अ‍ॅडमिशन सरकारी कॅप राउंडमधून म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तू यात बसत असशील तर सीईटीचा फॉर्म भरशील त्याच आठवड्यात उत्पन्नाचा दाखला आणि जातीची किंवा ईडब्ल्यूएसची कागदं काढायला टाक, निकालानंतर सेतूत एवढी गर्दी होते की कागदासाठी राउंड हुकतो, दरवर्षी चांगल्या मार्कांच्या मुली एवढ्यावरून अडकलेल्या मी बघते.